डेंटरला 'मजूर' लिहिणारे आपण



परभणीतल्या एका वस्तीचा सर्व्हे करताना माझ्या हातून चूक झाली. पन्नाशीतल्या एका काकांच्या नावापुढे, कामाच्या रकान्यात मी 'मजूर' लिहिलं. काका म्हणाले, "सर, डेंटर लिहा. तीस वर्षं झाली." समाजशास्त्रात एमए केलेल्या मला समोरच्या माणसाचं कौशल्य दिसलं नाही!

डेंटर काय करतो? गंजलेली काळी-पिवळी जीप घ्या. दरवाजाचा खालचा काठ आणि मडगार्डची आतली बाजू आधी जाते, कारण तिथं चिखल साचतो, ओल टिकते. वरून रंगाला छोटा फुगा आलेला दिसतो, आत पत्र्याची चाळण झालेली असते. सडलेला भाग कापायचा, कागदावर माप घ्यायचं, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा कापायचा. मग त्याला दरवाजाचा मूळ बाक द्यायचा. आतून लोखंडाची डॉली, बाहेरून हातोडा. ठोकलं की पत्रा पसरतो. जास्त पसरला तर तेलाच्या डब्यासारखा टकटक आत-बाहेर होतो. मग तेवढीच जागा गॅसनं लाल करायची, हलकं ठोकायचं आणि ओल्या फडक्यानं गार करायची. पत्रा आकसतो. वेल्डिंगही सलग मारत नाहीत, उष्णतेनं पत्रा वाकतो. अंतर सोडून टाके मारतात. शेवटी तपासणी तळहातानं, कारण डोळा फसतो. नुसती लांबी भरून खड्डा झाकणारेही आहेत, त्यांचा गंज एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतो.

हे काम आपल्या माणसाच्या हातात आलं कसं?

गावगाड्यात लोखंड लोहाराचं आणि फिरस्त्या घिसाड्याचं. महाराच्या वाट्याला अवजार नव्हतं, काठी होती. निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा परभणी होतं, 1932 मध्ये सरकारी बससेवा 27 गाड्यांनी सुरू झाली. मोटारीचं मडगार्ड कोणत्या जातीनं ठोकायचं हे कोणत्याच स्मृतीत लिहिलेलं नव्हतं. म्हणजे दार उघडं होतं?

यंत्र आलं की जात जाते, हा भोळेपणा आहे. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रंच होती. तरी जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ते बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सगळ्यांना पाठ आहेत. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण विसरतो. आपला माणूस गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी काम करावं लागतं आणि तिथं विटाळ आडवा येतो. वर्कशॉपातही तो मेकॅनिकपर्यंत क्वचितच पोचतो. याच मनमाडहून परभणी-पूर्ण्याची लाईन येते. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये 1936 सालीच त्यांनी मांडलं होतं की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे.

काकांना गॅरेजमध्ये घेतलं ते एका मुसलमान उस्तादानं. पहिली दोन वर्षं गंज खरवडणं आणि पॉलिश पेपर घासणं, मोबदला चहा-जेवण. हातोडा तिसऱ्या वर्षी मिळाला.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी हलकी कामं सोडायला सांगितली, तुम्ही डेंटिंगचं कौतुक काय करता? पण हे जन्मानं लादलेलं काम नव्हे, शिकून मिळवलेलं आहे. आपण मात्र 'शिका'चा अर्थ एमपीएससीपुरता करून टाकला. अकॅडमीच्या फ्लेक्सवर पास झालेल्यांचे फोटो लागतात, त्याच रस्त्यावर गॉगलशिवाय वेल्डिंग करणारा पोरगा आपल्या कोणत्याच यादीत नसतो.

आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर हा ट्रेड आहे. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आली. काकांकडे तो कागद नाही. तीन-चार माणसांच्या गॅरेजला ईएसआयही लागू होत नाही, आणि काकांच्या डोळ्यांतून हल्ली सारखं पाणी येतं.

आम्ही सर्व्हेचा फॉर्म बदललाय. 'मजूर' ही खूण काढली. कोणतं काम, कुणाकडे शिकलात, किती वर्षं, असे तीन रकाने केले. पुढच्या रविवारी जिंतूर रोडच्या गॅरेजांपासून सुरुवात करतोय. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी आठला या, दहानंतर हातोड्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.