सह्याद्रीचा कडा खचून झालेला नाही

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि शाळेच्या फळ्यावर एक विधान पक्कं बसलं आहे. प्रस्तरभंग झाला, पश्चिमेकडचा भाग खचला. खचला ते कोकण, उरला तो सह्याद्री. महाराष्ट्राच्या प्राकृतिक विभागांची ओळखच मुलांना या वाक्यातून होते. ते चुकीचं आहे, आणि तसं दाखवायला भिवंडीइतकी सोयीची जागा नाही.

पूर्वपक्ष कमजोर नाही. भिवंडीहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की शहापूर-कसाऱ्यापर्यंत जमीन सखल आणि मग एकदम उभा घाट. जमीन तुटली असावी, असं डोळे म्हणतात. पण कडा उभा आहे एवढ्यावरून तो कसा घडला हे ठरत नाही.

माहुलीचा डोंगर घ्या. तो घाटाच्या रेषेपासून सुटून पश्चिमेला, शहापूरजवळ उभा आहे, आणि त्याची उंची साडेआठशे मीटरच्या आसपास आहे. घाटमाथ्यावरची इगतपुरी आहे सुमारे सहाशे मीटरवर. घाटाच्या पायथ्याशी भेग पडून कोकण खाली गेलं असतं, तर माहुलीही त्याच्यासोबत खाली जायला हवी होती. माथेरानचंही तेच. हे डोंगर म्हणजे जुन्या पठाराचे मागे उरलेले तुकडे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. खचलेल्या जमिनीवर वरचे, नवे थर सापडायला हवेत. कसाऱ्याच्या पायथ्याशी उघडे पडलेले थर मात्र खालचे, जुने आहेत. जमीन खचली नाही, वरची कोरली गेली.

कोरली कोणी? उल्हास, काळू, भातसा या आखूड, उताराच्या, मुसळधार पावसावर पोसलेल्या नद्यांनी. कोकण सर्वांत रुंद आहे ते उल्हासच्याच खोऱ्यात, सुमारे 100 किलोमीटर. भेगेने तुटलेला कडा नदीचं खोरं बघून मागे सरकत नाही. झिजणारा कडा सरकतो. भिवंडीच्या कामवारी नदीच्या काठची भातखाचरं आणि आता त्यांवर भराव टाकून उठलेली गोदामं, ही सगळी त्या झिजलेल्या पठाराच्या तळावर आहेत.

मग खडक कुठेच हलला नाही का? हलला, पण पश्चिमेला. पनवेलवरून उत्तरेकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात लाव्ह्याचे जवळजवळ आडवे थर वाकून समुद्राकडे कलतात. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचे ऊन पाण्याचे झरे खडकातल्या खोल भेगांची साक्ष देतात. सातिवलीपासून थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांग आहे. खंड फुटून अरबी समुद्र उघडला, त्या घडामोडीशी या भेगांचा संबंध जोडला जातो. पण वज्रेश्वरीपासून कसाऱ्याचा कडा कितीतरी पूर्वेला आहे. भेग एकीकडे आणि कडा दुसरीकडे असताना एकाला दुसऱ्याचं कारण कसं म्हणायचं?

एक आक्षेप उरतो : 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप. तिथे प्रस्तरभंग आहे, हे निर्विवाद. मात्र तो मुख्य कड्याच्या पूर्वेला, कोयनेच्या खोऱ्यात आहे, आणि त्या दिवशी तिथला खडक मुख्यतः आडवा सरकला. खाली बसला नाही.