नागपूरचे न आलेले रोखे

२००१-०२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. त्यातली एक कंपनी होम ट्रेड. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान दिसायचे. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही तिच्यात अडकल्या. नागपूरचा आकडा सुमारे १५० कोटींचा. जिल्हा बँक म्हणजे शेतकऱ्याचं पीककर्ज आणि गावोगावच्या ठेवी, त्यामुळे हे पैसे कुणाचे होते ते वेगळं सांगायला नको.

आज अशी बातमी आली की आपण म्हणतो, बिग डेटा असता तर सापडलं असतं. पण इथे किती डेटा लागला असता? दोन तक्ते. एक बँकेचा: आमच्याकडे अमुक रोखे आहेत. दुसरा रिझर्व्ह बँकेचा, कारण सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद तिथे होते. दोन्ही जुळवले की रिकाम्या ओळी समोर आल्या असत्या. कोडच्या भाषेत, एक साधा जॉइन.

तो झाला नाही, कारण तक्ते वेगवेगळ्या घरात होते. जिल्हा बँकेची तपासणी नाबार्डकडे, सहकारी संस्था म्हणून देखरेख राज्याच्या सहकार खात्याकडे, रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेकडे.

खरं तर धडा जुनाच होता. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणातही रोख्यांऐवजी बँकांच्या पावत्याच फिरत होत्या. म्हणून १९९५ पासून रिझर्व्ह बँकेच्या खात्यांत रोखे आणि पैसे एकाच वेळी हलवायची पद्धत आली. पण दलालाला थेट पैसे देणारा या कुंपणाबाहेरच राहिला. नागपूरनंतर सहकारी बँकांसाठी नियम कडक झाले, आणि २००५ मध्ये रोख्यांचे सौदे थेट स्क्रीनवर जुळवणारी एनडीएस-ओएम यंत्रणा आली.

३० जून २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांची माहिती एकत्र करून तपासणारी नवी यंत्रणा, सीआयएमएस, सुरू केली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या माजी अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवलं. मध्ये एकवीस वर्षं गेली.

यंत्रणा कितीही मोठी असो, तिला दोन्ही तक्ते मिळाले तरच ती बोलेल. तुमच्या घरात कुणी सहकारी बँकेचं सभासद असेल, तर वार्षिक सभेत एवढंच विचारायला सांगा: आपले रोखे कुणाच्या खात्यात आहेत, आणि ते शेवटचं कुणी जुळवून पाहिलं?