तिळभांडेश्वराच्या गल्लीतील पालकत्व

इ. स. 1899 च्या प्लेगात भगूरचे दामोदरपंत सावरकर निवर्तले, तेव्हा मातोश्री राधाबाईंना जाऊन सात वर्षे लोटली होती. त्यामुळे सोळा वर्षांचा विनायक आणि अकरा वर्षांचा नारायण यांचे पालकत्व नुकतीच विशी गाठलेल्या गणेशपंतांवर, म्हणजे बाबारावांवर, आणि त्यांच्या पत्नी येसूवहिनींवर येऊन पडले. बिऱ्हाड नाशकास तिळभांडेश्वराच्या गल्लीत आले. तेथे 1900 साली विनायकाच्या पुढाकाराने मित्रमेळा हा क्रांतिकारक तरुणांचा संघ उभा राहिला आणि पायांनी अधू असलेल्या कवी गोविंदांसारखी माणसे त्यात मिळाली. त्या काळच्या रिवाजास अनुसरून बाबारावांनी धाकट्यास दटावून पुस्तकांपुढे बसविले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते स्वतःच त्या मेळ्यात सामील झाले. वयात येणाऱ्या मुलाच्या ध्यासाचा असा आदर आजही दुर्मिळच. प्रपंच मात्र ध्यासावर चालत नाही. वहिनींचे दागिने त्यापायी गेले, आणि 1902 साली विनायक फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाला तो श्वशुर भाऊराव चिपळूणकरांच्या द्रव्यबळावर.

या जिव्हाळ्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. 1909 च्या जूनमध्ये बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता सरकारजमा झाली. त्याच डिसेंबरात या शिक्षेच्या सूडापोटी नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यास अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. येसूवहिनी 1919 साली वारल्या, त्या वेळी पती व दीर विनायक दोघेही अंदमानात होते. नारायणराव तेवढे कलकत्त्यास शिकून दंतवैद्य झाले.