संगणकशास्त्राची पदवी : कोणासाठी, कोणाच्या पैशाने?

संगणकाला जात नसते, असे आमच्या विभागात नवा विद्यार्थी आला की कोणी ना कोणी त्याला ऐकवतेच. वाक्य बिनतोड आहे. चामडे, झाडू, माती, लोखंड, सूत अशा प्रत्येक साधनाला आपल्या समाजाने एकेक जात चिकटवून ठेवली. पण हे यंत्र मनुस्मृतीच्या कर्त्याला ठाऊक नव्हते आणि गावगाड्यात त्याला बलुतेही नव्हते. तेव्हा निदान या एका विषयात तरी दलित विद्यार्थ्याने कोऱ्या पाटीने उतरावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती. ती अपेक्षा का पुरी झाली नाही, आणि जेवढी झाली तेवढी कोणाच्या पदराला खार लागून झाली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी. संगणकशास्त्र, म्हणजे आमच्याकडे ज्याला सर्रास बीसीएस म्हणतात, त्या वर्गांना शिकवते. हीच पदवी मी २००६ ते २००९ या काळात घेतली. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढचा इतिहास मी तटस्थपणे सांगते आहे असा कोणाचा समज होऊ नये.

मुळात हा विषय विद्यापीठात फार उशिरा शिरला. केंब्रिजने १९५३ साली पदवीनंतरची एक वर्षाची पदविका सुरू केली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. पदवीच्या विद्यार्थ्याला नेमके काय शिकवावे, याचा सविस्तर आराखडा तेथील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात गणिताचा पाया भक्कम मागितला. त्याआधीची एक हकिकत मात्र आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १९४५-४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचे अवाढव्य यंत्र उभे राहिले. त्याच्या तारा जोडून त्याला गणित घालण्याचे काम सहा स्त्रियांनी केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढे आले तेव्हा कौतुक झाले ते यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचे. त्या काळी प्रोग्राम रचणे हे कारकुनी कष्टाचे काम समजले जाई. पुढे त्यात पैसा आणि मान आला, तसे ते पुरुषांचे झाले आणि त्याला शास्त्र म्हणू लागले. कामाची प्रत करणाऱ्यावरून ठरते, हे आपल्याला नवे नाही. श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उलगडून दाखवला होता.

आपल्या देशात संगणक आधी संशोधन संस्थांत आला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये तर इथेच बांधलेले टिफरॅक यंत्र कामाला लागले. पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती हे यंत्र लागले ते १९६३ च्या ऑगस्टमध्ये, कानपूरच्या आयआयटीत. अमेरिकी विद्यापीठांच्या मदतीने तिथे आयबीएम १६२० हे यंत्र बसवले गेले आणि अभियांत्रिकीच्या मुलांना फोरट्रान शिकवले जाऊ लागले. भोकांच्या कार्डांवर प्रोग्राम टंकायचा, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, असा तो प्रकार. पवईच्या आयआयटीत साठच्याच दशकात मिन्स्क हे सोव्हिएत यंत्र आले. १६२० ची एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बेरीज करणारा भागच नव्हता. बेरजेचे कोष्टक स्मृतीत भरून ठेवलेले असे आणि यंत्र दर वेळी त्यात पाहून उत्तर देई. म्हणजे ते चक्क पाढे म्हणत असे! आमच्या मुलांना घोकंपट्टीची सवय आहे, ती या विषयाला चालत नाही, असे सांगणारे प्राध्यापक भेटले की मला हटकून ते यंत्र आठवते.

पण त्या खिडकीपुढे गठ्ठा घेऊन उभे कोण होते? १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले आणि शिक्षणात राखीव जागांचा मार्ग मोकळा झाला. आयआयटीचे दार अनुसूचित जाती-जमातींसाठी उघडले ते १९७३ मध्ये. मधली बावीस वर्षे या संस्था राष्ट्राच्या तिजोरीतून चालल्या. म्हणजे ज्या दहा वर्षांत संगणक शिकलेली पहिली भारतीय पिढी तयार झाली, जी पुढे विभागप्रमुख झाली, पाठ्यपुस्तके लिहिती झाली आणि कंपन्या काढती झाली, त्या दहा वर्षांत आपल्या माणसांसाठी तिथे एकही जागा राखलेली नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्यांनीच पुढे रांगेचे नियम केले. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. कटाची गरजच नव्हती.

कानपूरला संगणकशास्त्राची स्वतंत्र बी.टेक. पदवी सुरू झाली १९७८ मध्ये. आयबीएम कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला तोही याच वर्षी. आणि मराठवाड्यात काय चालले होते? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतून दलितांची घरे पेटली. गावे सोडून पळालेल्या कुटुंबांत महाविद्यालयात जाणारी मुले होती. त्यांचे वर्ष गेले, कित्येकांचे शिक्षणच गेले. देशातले एक विद्यापीठीय जग विसाव्या शतकाची सर्वांत नवी विद्या पदवीच्या वर्गात आणत होते. दुसऱ्या जगात विद्यापीठाच्या कमानीवर कोणाचे नाव असावे यासाठी माणसे मरत होती. संगणकशिक्षणाच्या इतिहासात हे वर्ष कानपूरसाठी नोंदले जाते. मला ही दोन्ही पाने एकत्र शिवायची आहेत. नामविस्तार व्हायला १९९४ चा १४ जानेवारी उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत पुण्यामुंबईचा सवर्ण मध्यमवर्ग संगणक शिकून परदेशी पोचला होता.

या काळातली आणखी एक गोष्ट सहसा कोणी जोडून पाहत नाही. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीची शिडी म्हणजे सरकारी कचेरी, बँक, आयुर्विमा, रेल्वे. त्या नोकऱ्यांत राखीव जागा होत्या. संगणकाने पहिला घाव घातला तो याच कारकुनी कामावर. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात कर्मचारी संघटनांनी संगणकाला विरोध केला, कोलकात्यात तर तीव्र विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ चा. १९८३ मध्ये बँक संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि दरवाजा किलकिला झाला. यंत्राला विरोध करणे मला पटत नाही. मी तर त्याच यंत्राची भाकरी खाते. परंतु काम राखीव जागांच्या कचेरीतून उठून राखीव जागा नसलेल्या कंपनीत जाऊन बसले, हे कोणी तरी लिहून ठेवले पाहिजे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ‘देणगी’ या सोज्वळ शब्दाचा अर्थ तेव्हापासून पालटला. १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजावे. पुढे विज्ञान महाविद्यालयांतूनही संगणकाची पदवी आली, आणि बहुतेक ठिकाणी ती विनाअनुदानित तुकडी म्हणूनच आली. हा शब्द नीट पाहावा. त्याच इमारतीत, त्याच पाटीखाली बी.ए.च्या प्राध्यापकाचा पगार शासन देते आणि संगणकाच्या शिक्षकाचा पगार मुलांच्या फीतून निघतो. तालुक्याच्या मुलापर्यंत हे शास्त्र पोचायला आणि शासनाने हात आखडता घ्यायला एकच गाठ पडली. कानपूरच्या पहिल्या मुलांचे यंत्र परराष्ट्राच्या मदतीने आणि सरकारच्या खर्चाने आले होते. आमच्या मुलांचे यंत्र त्यांच्या आईबापांच्या मजुरीतून आले.

न्यायालयीन लढाईही याच काळातली. २००५ च्या ऑगस्टमध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विनाअनुदानित संस्थांवर राखीव जागा लादता येणार नाहीत. त्यावर त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती झाली. ती खाजगी संस्थांना लागू होते, असे न्यायालयाने म्हणायला २०१४ साल उजाडले.

माझी स्वतःची तीन वर्षे या मधल्या काळातली. बीसीएसला बारावीत गणित लागे. पहिल्या वर्षाला संगणकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स. सी भाषा पहिल्या वर्षी, डेटा स्ट्रक्चर्स दुसऱ्या, जावा तिसऱ्या. सगळी पुस्तके इंग्रजीत. घरी यंत्र असलेली मुले आदल्या रात्री प्रोग्राम चालवून येत. आम्ही तो वहीत लिहून आणत असू आणि प्रयोगशाळेच्या त्या दोन-तीन तासांत अर्धविराम कुठे राहिला ते शोधत असू. प्रात्यक्षिक परीक्षेला स्लिप उचलायची. सोडवलेल्या स्लिपांचे गठ्ठे झेरॉक्सच्या दुकानात मिळत, ते पाठ करणारे पास होत. पण मला डेटा स्ट्रक्चर्सने खरोखर वेड लावले. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक घराला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो आणि तेवढ्यावर सगळी साखळी उभी राहते, हे पहिल्यांदा कळले त्या दिवशी मी वसतिगृहापर्यंत चालत गेले, रिक्षाचे पैसे असूनही. हा आनंद आपल्या मुलांना मिळाला पाहिजे, यासाठीच फीचा एवढा खल करायचा.

१९४२ पासून व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून पैसा मिळवला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ ची. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून भल्या सकाळी भरे. विद्यार्थ्याचा दिवस पाहून महाविद्यालयाचा दिवस ठरवला गेला. आज शिष्यवृत्ती आहे, २०२० मध्ये केंद्र-राज्य वाटा साठ-चाळीस असा ठरला आहे, सगळे काही ऑनलाइन आहे. पैसे येईपर्यंत फी कोणी भरायची, एवढाच प्रश्न उरतो. आणि ज्या मुलाची फी थकते त्याच फीतून माझा पगार निघतो. परीक्षेचे हॉल तिकीट अडवलेला मुलगा माझ्यासमोर उभा राहतो तेव्हा व्यवस्थेने आम्हा दोघांना समोरासमोर कसे उभे केले आहे, ते मला स्पष्ट दिसते.

मोठ्या संस्थांत शिरलेल्यांचे काय? पवईच्या आयआयटीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सूचना काढली, की एकमेकांची प्रवेश परीक्षेतली रँक विचारू नका. रँक विचारणे म्हणजे जात विचारणे, हे संस्थेला कागदावर मान्य करावे लागले. पदवीनंतरची कथा सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये मांडली. थोरात हे आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या अर्जापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. आमची मुले आडनावाच्या जागी गावाचे नाव लावू का, असे विचारतात, ते हा अभ्यास न वाचताच.

पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवतात. स्टॅक आणि क्यू मी वर्गात मराठीतूनच समजावते, आणि मुलांना ते अधिक पक्के कळते. तरीही ज्यांची स्वतःची मुले इंग्रजीतून शिकतात त्यांनी आमच्या मुलांना मातृभाषेची महती सांगू नये.

या इतिहासातली एक जागा अजून मोकळी आहे. दलित आत्मकथनांतून शाळा आली, वसतिगृह आले, कचेरी आली; संगणककेंद्राची खिडकी आलेली मला आढळली नाही. १९७३ नंतर राखीव जागेवर आयआयटीत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन ज्यांनी भोकांच्या कार्डांचे गठ्ठे हाताळले, ते आता साठी-सत्तरीत असतील. काही बँकांतून, काही महामंडळांतून निवृत्त झाले असतील. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी लिहावे. पहिला प्रोग्राम कोणता चालला, शेजारी कोण बसे, यंत्राचा वेळ वाटताना आपली पाळी केव्हा येई, हे सगळे. लिहिणे होत नसेल तर निदान सांगावे; लिहून घ्यायला माझ्या तिसऱ्या वर्षाची मुले येतील.