कोलनवॉटरचा खटला

दिवाळी डोळ्यांनी पाहावी असे सगळेच म्हणतात. पण ती खरी ओळखू येते ती नाकाने. उटणे, सुवासिक तेल, तळणीतली चकली आणि अंगणातल्या फुलबाजीचा धूर यांचे वास एकमेकांत मिसळले, म्हणजे पंचांग न उघडताही सण आल्याचे कळते. घरातल्या पुरुषमाणसाच्या वाट्याला मात्र या सुगंधसोहळ्यातले फार थोडे येते. दाढीनंतर फिरवलेला तुरटीचा खडा, आणि वरून चोळलेले, क्षणभर गाल जाळून मग गार करणारे ते पाणी! आज त्याला ‘आफ्टरशेव्ह’ म्हणतात. त्याचे कुळ जुने आहे. आणि त्या कुळातल्या एका बाटलीचे नाव आपल्या मुंबई राज्यात थेट घटनेच्या खटल्यात गाजले होते, हे आता फारसे कोणाच्या ध्यानी नाही.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे कोलनवॉटर. जर्मनीतील कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाच्या घराण्याने १७०९ साली आपली पेढी थाटली. त्याने मद्यार्कात लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या सालींची आणि फुलांची तेले मिसळून एक हलके, प्रसन्न पाणी तयार केले. परक्या गावी राहणाऱ्या या माणसाने आपल्या जन्मभूमीचा वसंत बाटलीत भरला, आणि त्याला नाव दिले ते आश्रय देणाऱ्या गावाचे. मालाला मागणी आली तसे नकलकारही उठले. त्याच शहरात ‘४७११’ हे दुसरे प्रसिद्ध पाणी निघाले. तो आकडा म्हणजे मुळात एका घराचा क्रमांक. अस्सल कोणते आणि पर्याय कोणता, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

साहेबाबरोबर हे पाणी हिंदुस्थानात आले आणि आपल्या घरांत त्याने वेगळाच संसार मांडला. मराठी घरात ते दाढीपेक्षा तापाचे पाणी झाले. मूल तापाने फणफणले, की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या. मद्यार्क झरझर उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. गारव्याचे रहस्य एवढेच. पारशी कुटुंबांत तर ही बाटली घरचीच होऊन बसली. डहाणू, घोलवड, बोर्डी या चिकूवाड्यांच्या टापूत पारशी-इराण्यांची जुनी वस्ती. शेजारधर्माने जशी त्यांची पाकक्रिया आमच्याकडे आली, तसा त्यांच्या रुमालांचा वासही आमच्या ओळखीचा झाला.

आणि मग आला १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. आमचा डहाणूचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात, ठाणे जिल्ह्यात होता. कायद्याने ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस केली, की मद्यार्क असलेला कोणताही द्रव तीत बसावा. मग व्हिस्की जशी मद्य, तसे औषधही मद्य आणि कोलनवॉटरही मद्य! दारू मिळेनाशी झाली म्हणजे माणूस भलत्या बाटल्यांकडे वळतो, ही सरकारची धास्ती निराधार नव्हती. पण म्हणून तापकऱ्या पोराच्या घडीवर पहारा बसवायचा काय?

मुंबईच्या फ्राम नसरवानजी बलसारा या गृहस्थांनी हा कायदा न्यायालयात नेला. त्यांच्या मागण्यांत व्हिस्की-ब्रँडी तर होतीच, पण औषधी वाइन आणि कोलनवॉटरही होते. ऑगस्ट १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेल्या निकालपत्राने दारूबंदीचे धोरण उचलून धरले. पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने जवळ बाळगणे, विकणे, वापरणे यांवरची बंदी अवाजवी ठरवून तेवढा भाग रद्द केला. घटना लागू होऊन जेमतेम सोळा महिने झाले होते. एवढ्यात कोलनवॉटरच्या बाटलीने नागरिकाच्या मालमत्तेच्या हक्कात आपली जागा मिळवली!

१ मे १९६० रोजी राज्याचे दोन भाग झाले. उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. गुजरातने दारूबंदी चालू ठेवली, महाराष्ट्राने हळूहळू सैल केली. सीमेच्या अलीकडे-पलीकडे दारूची बाटली आपली जात बदलते. दाढीच्या पाण्याची बाटली मात्र बिनघोर ये-जा करते.

हे सारे मी धुंडाळले त्याला निमित्त घरचेच. माझ्या वडिलांनी उभी हयात एकच आफ्टरशेव्ह वापरले. त्यांच्यामागे मीही तेच लावू लागलो, आणि एके दिवशी ते बाजारातून नाहीसे झाले. डहाणू रोडच्या दुकानात विचारले. “गुरुजी, कंपनीच माल पाठवत नाही,” असे उत्तर आले. तलासरीच्या बाजारातही तेच.

असे वास नाहीसे होतात त्याला कारणे असतात. सुगंध हा बहुधा रसायनांचा मेळ. खरी कस्तुरी महाग म्हणून १८८८ साली अल्बर्ट बाऊर याने स्फोटकांवर प्रयोग करताना हाती लागलेली कृत्रिम कस्तुरी पुढे आणली. पुढे त्या जातीच्या काही द्रव्यांवरही बंधने आली. लिलियल नावाच्या, फुलांसारख्या वासाच्या द्रव्यावर युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून प्रसाधनांत बंदी घातली. एक घटक गेला, की साऱ्या मेळाचा सूर बदलतो. कधी मालकी बदलते, कधी खपच उरत नाही.

पर्याय शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. दुकानात हुंगून काही कळत नाही. आधी लिंबाचा वर्ग उडतो, मग फुलांचा. लाकूड, मसाला, कस्तुरी मागे राहतात. सकाळी सख्खा वाटलेला वास दुपारी परका निघतो. म्हणून मी रोज एक नमुना लावून शाळेत जाई आणि संध्याकाळी आईपाशी बसे. ती काही विचारत नसे. नुसती मान हलवी.

शेवटी कोलनवॉटर आणले. आईने हात पुढे केला, तळव्यावर दोन थेंब घेतले आणि बराच वेळ बोलली नाही.

“हा काही त्यांचा वास नव्हे,” ती म्हणाली. “हा तुझ्या तापाचा. तुला गोवर आला होता तेव्हा ते रात्रभर घड्या बदलत बसले होते. सकाळी त्यांच्या बोटांना हाच वास येत होता.”

मी बाटली आरशापाशी ठेवली. ती आता तिथेच असते.