पायावरील व्रण : शोधाची वाटचाल



पायावरची जखम महिनोन्‌महिने भरून येईना म्हणजे घरांत मलमांची शोधाशोध सुरू होते. वैद्यकाचा इतिहास मात्र सांगतो कीं, जखम सर्वांना दिसत होती. तिचें कारण ओळखावयास शतकें लागलीं.

सुश्रुतानें व्रणावर साठ उपक्रम सांगितले आणि पट्टी बांधण्याच्या रीतींनाहि चिकित्सेंत मानाचें स्थान दिलें. हिपॉक्रेटिसाच्या नांवें चालत आलेल्या ग्रीक ग्रंथांत, पायाला व्रण असलेल्यानें उभें राहूं नये, अशी ताकीद आहे. ताकीद योग्य होती. तिचें मर्म उलगडावयाचें होतें.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन यानें १६७६ सालच्या ग्रंथांत फुगलेल्या शिरांशीं व्रणाचें नातें जोडलें आणि पाय आवळून धरणाऱ्या नाडीच्या मोज्याचा पुरस्कार केला. १७९७ सालीं ब्रिस्टलच्या थॉमस बेंटन यानें चिकट पट्ट्यांनीं पाय गुंडाळून रोग्याला हिंडूंफिरूं दिलें. शिरांतील झडपा निकामी झाल्या कीं रक्त वर न चढतां घोट्यापाशीं तुंबतें; तेथेंच, बहुधा आंतल्या बाजूस, कातडी काळवंडते व फुटते. आवळपट्टीनें तें तुंबणें ओसरतें.

मग प्रत्येक व्रण आवळावा काय? मुळींच नाहीं. जेथें धमनीच अरुंद होऊन रक्त पोंचत नाहीं, तेथें पाऊल थंड पडतें, बोटांवर वा टांचेवर व्रण होतो, आणि रात्रीं पाय खालीं सोडल्याशिवाय कळ थांबत नाहीं. अशा पायाला घट्ट पट्टी बांधणें म्हणजे उरलासुरला प्रवाहहि तोडणें; त्यांत पाय गमावण्याची भीति असते. १९५० सालीं अमेरिकेंत ट्रॅव्हिस विन्सर यांनीं घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशीं ताडून पाहिला. आज पट्टी आवळण्यापूर्वीं ही तपासणी आवश्यक मानतात.

तिसरा प्रकार वेदनाहीन. तळव्यावर खोल व्रण, आणि रोगी त्यावर खुशाल चालतो! १९४६ नंतर वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, कुष्ठरोग्याच्या पायाचें मांस आपोआप झडत नाहीं; बधिर पायाला इजाच कळत नाहीं. मधुमेहानें बधिर झालेल्या पायाचेंहि तसेंच. तेथें व्रणावरील भार काढणें, मऊ पादत्राण वापरणें आणि रोज तळवे निरखणें हेंच मुख्य.

म्हणून दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम वैद्यास दाखवावी. बधिर वा थंड पायाची तर त्याच दिवशीं. आणि कोणतें मलम लावूं, या प्रश्नाआधीं, ही जखम कशामुळें झाली, हा प्रश्न विचारावा.