अर्ध्यावर मिटलेले पुस्तक

आमच्या केडगावात नवरात्र बसले की रेणुकामातेच्या देवळाकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. लहानपणी त्या दिवसांत आमच्या घराचा एक कोपरा मात्र अगदी शांत असे. तेथे माझे आजोबा पोथी घेऊन बसत. अध्याय पुरा होईपर्यंत उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही आणि एकदा हाती घेतलेली पोथी अर्धी ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. एका वर्षी त्यांना ताप भरला, तेव्हा उरलेले अध्याय त्यांनी अंथरुणावर पडून माझ्या वडिलांकडून वाचवून घेतले.

हाच दंडक पुढे मी पुस्तकांना लावला. कंटाळवाण्या कादंबरीची शेवटची शंभर पाने मी कडू काढा प्यावा तशी वाचली आहेत. त्यातून मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. पुस्तक अर्धे सोडले तर लोक मलाच अर्धवट म्हणतील, हे भय होतेच. चाळिशी उलटल्यावर मला प्रश्न पडू लागला की, हा दंडक मुळात आला कोठून?

तो पोथीतून आला, असे मला वाटते. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अठरा अध्याय आणि नऊ हजारांच्या आसपास ओव्या. तिची पारायणे गावोगाव आजही होतात. गुरुचरित्राचा सप्ताह तर सात दिवसांचा, आणि कोणत्या दिवशी कोठवर वाचायचे तेही ठरलेले. पारायणाला बसणाऱ्यास पुढे काय आहे ते बहुधा ठाऊक असते. कथा कळावी म्हणून तो बसलेला नसतो. पुरे वाचणे हेच व्रत, आणि फलश्रुती यायची ती शेवटी. तेथे आवडीनिवडीला जागाच नाही. साबुदाण्याची खिचडी बिघडली म्हणून कोणी एकादशी मोडत नाही.

छापील पुस्तक आले ते निराळ्याच वाटेने. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या तोंडी नगरच बसले आहे.) १८४२ साली नगरातच ‘ज्ञानोदय’ निघाला. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली आणि मागून कादंबऱ्यांची रांग लागली. अनोळखी माणसाने लिहिलेले, वाचून पदरी पुण्य न पडणारे आणि मुदतीत परत करायचे असे पुस्तक लोकांच्या हाती पडू लागले. लोकांनी ते खाटेवर लोळत वाचले खरे. पण मनातले सोवळे काही सुटले नाही.

या बाबतीत चिपळूणकरांच्या घरची गोष्ट मोठी मौजेची आहे. डॉक्टर जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतले आणि अर्धे ठेवले, ते पुरे केले विष्णुशास्त्र्यांनी. याच विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले. आणि हा जॉन्सन कसा? बॉस्वेलने १७७३ सालची हकीगत नोंदवली आहे. एका नव्या, गाजलेल्या पुस्तकाविषयी कोणी त्याला विचारले. आपण ते चाळले आहे, असे तो म्हणाला. सगळे वाचले नाही काय, असे विचारताच त्याने उलट त्या गृहस्थालाच विचारले की, तुम्ही पुस्तके शेवटपर्यंत वाचता की काय! इंग्रजीचा कोश रचणारा हा पंडित. त्याला कोणी अर्धवट म्हटले नाही.

पण दुसरी बाजूही आमच्या नगरकरांना ठाऊक आहे. १८९३ साली नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. प्रथम तो त्यांना रुचला नाही. वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून ते वाचत राहिले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले मात्र, पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि नंतर नगरला येऊन राहिले. त्यांनी ते पुस्तक आधीच मिटले असते तर, हा विचार माझ्याही मनात येतो. पण हे प्रवचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सुरू होते. म्हणजे चार अध्याय धीर धरला आणि पाचव्याने माणूस धरला. चार अध्याय मीही देतो. चारशे पाने कशाला?

हे शहाणपण मला उशिरा सुचले, त्याची किंमत दुसऱ्याने दिली. वर्गातल्या कपाटातले पुस्तक संपवून सारांश लिहिल्याखेरीज दुसरे मिळणार नाही, असा माझा नियम होता. एका मुलाने एक जाडजूड चरित्र नेले. दिवाळी गेली, होळी गेली. “गुरुजी, संपत नाही,” तो म्हणे. “संपव, मग दुसरे,” मी म्हणे. वर्षअखेर त्याने ते परत आणले, तेव्हा तिसाव्या पानात एस.टी.चे तिकीट होते. नोंदवहीत त्याच्या नावापुढे वर्षभरात तेवढे एकच पुस्तक आहे. आता तो टेम्पो चालवतो, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. वाचतोस की नाही, असे विचारायचा धीर मला होत नाही.

तो नियम मी मोडला. गेल्या वर्षी एका मुलीने कपाटातून नेमकी माझीच कादंबरी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. त्रेचाळिसाव्या पानात मोरपीस होते.

“आवडली नाही का ग?”

“नाही गुरुजी.”

कारण विचारावे असे फार वाटले. कादंबरीकाराचे मन, दुसरे काय! पण मी कपाटाकडे बोट दाखवले. ती नवे पुस्तक निवडीपर्यंत मी मोरपीस काढून ठेवले आणि जाताना तिच्या हातात दिले.